सुदान : मुकादम मालक झाला तेव्हा

कामशेतजवळ, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाला खेटून बऊर हे गाव आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवन मावळातले शेतकरी तिथे रस्त्यावर उतरले. पवना धरणाचं पाणी नदीत न सोडता बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायची योजना होती. धरणाखालच्या गावांचा सवाल सरळ होता : नदीला पाणीच आलं नाही तर आमच्या मोटारी कशावर चालायच्या? शिवाय धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्या पुनर्वसनाचा घोळ चार दशकांनंतरही मिटलेला नव्हता. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी जिवानिशी गेले.

गृहयुद्धावरचं प्रकरण मावळातून का सुरू करायचं? कारण सुदानच्या रक्तपातातही एक भांडण नेमकं असंच आहे. पांढरी नाईल दक्षिण सुदानात 'सुद्द' नावाच्या अफाट दलदलीत शिरते आणि तिचं जवळजवळ निम्मं पाणी तिथेच वाफ होऊन जातं. हे पाणी 'वाया' जातं, असं उत्तरेकडच्या खार्टूमला आणि त्याहून उत्तरेकडच्या कैरोला वाटायचं. म्हणून दलदलीला वळसा घालणारा ३६० किलोमीटरचा जोंगलेई कालवा खोदायचं ठरलं. त्या दलदलीच्या काठाने डिंका, नुएर, शिल्लुक ही गुरं पाळणारी माणसं राहतात. पूर ओसरला की उघड्या पडणाऱ्या कुरणांवर त्यांची गुरं जगतात. कालवा झाला तर कुरणं सुकणार आणि गुरांची वाटही मधोमध कापली जाणार. वर अफवा उठली की कालव्याकाठी इजिप्तचे लाखो शेतकरी आणून वसवणार. १९७४ मध्ये जुबा शहरात त्यावरून दंगल पेटली. १९७८ मध्ये खोदाई सुरू झाली तरी संशय गेला नाही. १९८१ मध्ये सुदानी सैन्यातल्या एका डिंका अधिकाऱ्याने अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात याच कालव्याच्या परिसरावर डॉक्टरेट मिळवली. त्याचं नाव जॉन गरांग. दोनच वर्षांनी तो बंडखोरांच्या फौजेचा म्होरक्या झाला आणि १९८४ मध्ये त्याच्या माणसांनी कालव्याच्या छावणीवर हल्ला करून काम बंद पाडलं. तोवर दोन-तृतीयांश खोदाई झाली होती. खोदणारं ते अवाढव्य यंत्र तिथेच गंजत पडलं.

बऊरचा गोळीबार लाजिरवाणाच होता. पण त्यानंतर विधानसभेत गदारोळ झाला, चौकशी आयोग बसला, निवडणुकांत तो विषय पुन्हा पुन्हा निघाला आणि जलवाहिनीचं काम तपभर ठप्प राहिलं. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. भांडायला जागा होती, एवढं म्हणेन. दक्षिण सुदानकडे अशी एकच जागा होती, १९७२ च्या आदिस अबाबा करारातून मिळालेलं स्वायत्त प्रादेशिक सरकार. जून १९८३ मध्ये अध्यक्ष निमेरीने ते मोडीत काढलं आणि सप्टेंबरमध्ये देशभर शरियत लागू केली. दक्षिणेतल्या पलटणींनी मे महिन्यातच बंड केलं होतं. ते युद्ध २००५ पर्यंत चाललं आणि युद्ध, उपासमार आणि रोगराई मिळून सुमारे वीस लाख माणसं त्यात गेली, असा अंदाज आहे.

बातम्यांत याला 'अरब विरुद्ध आफ्रिकी' किंवा 'मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती' असं लेबल लावलं जातं. ते पूर्ण खोटं नाही, पण त्याने फारसं काही कळतही नाही. दारफूरमध्ये मारणारे आणि मरणारे दोघेही मुसलमान, दोघेही काळे, दोघेही त्याच विहिरींचं पाणी प्यालेले. खरी फाळणी नकाशात शोधावी लागते. खार्टूमपासून उत्तरेला नाईलच्या काठाने जी चिंचोळी पट्टी जाते, तिथल्या शायगिया, जाअलीन, दनागला या तीन समाजांकडे स्वातंत्र्यापासून देशाची सूत्रं राहिली. १ जानेवारी १९५६ ला ब्रिटिश गेले तेव्हा शाळा, रेल्वे, कापसाचा पैसा आणि नोकऱ्या या पट्टीभोवतीच गोळा झालेल्या होत्या. दक्षिणेला तर ब्रिटिशांनी १९२२ पासून 'बंद जिल्हे' करून कुलूपच घातलं होतं. उत्तरेच्या व्यापाऱ्यालाही परवान्याशिवाय आत जाता येत नसे. सन २००० मध्ये खार्टूमच्या मशिदींबाहेर एक निनावी पुस्तिका वाटली गेली. लोकांनी तिला 'काळी पुस्तिका' म्हटलं. तिच्यात ना कविता होती ना घोषणा. नुसत्या याद्या होत्या : कोण मंत्री झालं, कोण राज्यपाल, कोण न्यायाधीश, आणि कुठल्या भागातून आलं. लोकसंख्येच्या पाच-सहा टक्के असलेल्या उत्तर भागाकडे बहुतेक खुर्च्या असल्याचं त्या याद्यांतून दिसत होतं. सरकार हादरलं ते या याद्यांनी.

अशा सरकारला एवढा मोठा मुलूख ताब्यात ठेवायचा, तर फौज कुठून आणायची? साधे शिपाई पश्चिमेतून आणि दक्षिणेतूनच भरती झालेले, त्यामुळे ते स्वतःच्याच गावांवर गोळी चालवतील याची खात्री नाही. पैसाही नाही. मग एक स्वस्त तोड निघाली. एका टोळीला बंदुका द्यायच्या आणि शेजारच्या टोळीवर सोडायचं. पगार द्यायचा नाही. लूट तुमची, जमीन तुमची, गुरं तुमची, आम्ही डोळेझाक करू.

साखर कारखान्याच्या हंगामाची ज्याला माहिती आहे त्याला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. कारखाना मजुरांशी थेट बोलत नाही. तो मुकादमाला उचल देतो, मुकादम टोळी आणतो, आणि फडात काय घडतं त्याची जबाबदारी कारखान्यावर येत नाही. (आपल्याकडच्या मुकादमांनी राग मानू नये, त्यांच्या हाती कोयत्याची टोळी असते, बंदुकीची नव्हे.) खार्टूमने ऐंशीच्या दशकात मिसेरिया आणि रिझेगात या गुराखी अरब टोळ्यांना डिंकांच्या गावांवर असंच धाडलं. १९९१ मध्ये गरांगच्या फौजेत फूट पडली आणि नुएर नेता रिएक माचार बाहेर पडला, तेव्हा त्यालाही खार्टूमने रसद पुरवली. नुएर-डिंका वैराला तिथून जी धार आली, ती दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाल्यावरही बोथट झाली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये नव्या देशातच अध्यक्ष साल्वा कीर आणि माचार यांच्यात युद्ध जुंपलं. अकोबो इथे संयुक्त राष्ट्रांच्या ठाण्यात आसरा घेतलेल्या डिंकांवर जमाव चालून आला तेव्हा तिथल्या शांतिसेनेतले दोन भारतीय जवान मारले गेले. पुढे २०१९ मध्ये त्या शांतिसेनेचं सेनापतिपद लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर या मराठी अधिकाऱ्याकडे आलं.

कंत्राटी युद्धाचा कळस झाला तो दारफूरमध्ये. फूर, मसालित, झगावा हे तिथले शेती करणारे आणि गुरं राखणारे जुने समाज. उंटवाल्या अरब टोळ्या उत्तरेकडून चाऱ्याच्या शोधात यायच्या, ठरलेल्या वाटांनी जायच्या, कापणीनंतर शेतात जनावरं सोडायच्या. वाद झाले तर म्हातारे बसून नुकसानभरपाई ठरवायचे. १९८४ च्या दुष्काळाने ही घडी विस्कटली. उंटवाले लवकर येऊ लागले, शेतकरी वाटांवर काट्यांची कुंपणं घालू लागले, आणि पंच म्हणून बसणाऱ्या जुन्या जाणत्यांचे अधिकार सरकारने आधीच काढून घेतले होते. २००३ मध्ये दारफूरी बंडखोरांनी एल फाशरच्या विमानतळावर हल्ला करून विमानं जाळली. तेव्हा अध्यक्ष ओमर अल बशीरने उंटवाल्यांच्या टोळ्यांना मोकळं रान दिलं. त्यांनाच जग 'जंजावीद' म्हणून ओळखतं. गावं जाळली गेली, विहिरी बुजवल्या गेल्या. मृतांचा आकडा संयुक्त राष्ट्रांनी तीन लाखांपर्यंत सांगितला. २००९ मध्ये बशीरवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट निघालं.

या टोळ्यांतला एक जण, मोहम्मद हमदान दगालो, शाळा अर्धवट सोडलेला उंटांचा व्यापारी. लोक त्याला हेमेदती म्हणतात. २०१३ मध्ये बशीरने त्याच्या माणसांना गणवेश देऊन 'जलद साहाय्य दल' असं सरकारी नाव दिलं. हिशेब असा की सैन्याने कधी उठाव केला तर हे दल आपल्याला वाचवील. २०१७ मध्ये हेमेदतीने जबल आमिरच्या सोन्याच्या खाणी ताब्यात घेतल्या. येमेनच्या युद्धात सौदी अरेबिया आणि अमिरातीला माणसं पुरवून वेगळा पैसा मिळवला. मुकादमाला आता कारखान्याच्या उचलीची गरज उरली नव्हती.

कारखान्याचाच पैसा मात्र आटत चालला होता. दक्षिण वेगळं झालं तेव्हा सुदानच्या हातून सुमारे तीन-चतुर्थांश तेल गेलं. विहिरी दक्षिणेत आणि बंदराकडे जाणारी वाहिनी उत्तरेत, अशी विचित्र वाटणी झाली. वाहिनीच्या भाड्यावरून वाद होऊन २०१२ मध्ये दक्षिणेने तेल काढणंच थांबवलं, म्हणजे दोघांनी मिळून आपलाच गळा आवळला. या तेलात आपलाही वाटा होता : ओएनजीसी विदेशने २००३ मध्ये तिथल्या मोठ्या तेल कंपनीतला पंचवीस टक्के हिस्सा घेतला होता. तेलाच्या बरकतीच्या दशकात खार्टूममध्ये पूल आणि काचेचे मनोरे उभे राहिले. शेतीकडे कुणी पाहिलं नाही. डॉलर संपले तेव्हा आयात केलेल्या गव्हाचं काय करायचं, हा प्रश्न दारात उभा राहिला.

डिसेंबर २०१८ मध्ये अतबारा या रेल्वे कामगारांच्या गावात एक पाव एका पौंडाऐवजी तीन पौंडांना मिळू लागला. शाळेतली मुलं नाश्त्याच्या वेळी रस्त्यावर आली आणि सत्ताधारी पक्षाचं कार्यालय पेटलं. चार महिन्यांत लोण देशभर पसरलं. ११ एप्रिल २०१९ ला सैन्याने बशीरला बाजूला केलं. ज्याला बशीरने कवच म्हणून पोसलं तो हेमेदती त्या दिवशी सेनापतींच्या बाजूला उभा होता. ३ जून रोजी खार्टूममध्ये सैन्याच्या मुख्यालयाबाहेर ठाण मांडून बसलेल्या तरुणांवर गोळ्या चालल्या, शंभराहून अधिक मारले गेले. तरीही दबाव एवढा होता की अर्थतज्ज्ञ अब्दल्ला हमदोक यांचं मिश्र सरकार आलं. त्यांनी इंधनाची सवलत काढली, चलनाचं अवमूल्यन केलं, कर्जमाफीच्या वाटाघाटी केल्या. पुस्तकी दृष्टीने पाऊल बरोबर होतं. पण २०२१ च्या मध्याला महागाईचा वार्षिक दर चारशे टक्क्यांच्या पुढे गेला, आणि सोन्याचा, मांसाचा, आयातीचा धंदा जनरल मंडळींच्या कंपन्यांकडेच राहिला. त्या कंपन्या सरकारी हिशेबात आणायचा विषय निघाला आणि २५ ऑक्टोबर २०२१ ला सैन्यप्रमुख जनरल बुरहान व हेमेदती यांनी मिळून हमदोकांना अटक केली. उरला प्रश्न दोघांपैकी मालक कोण, हा. हेमेदतीचं दल सैन्यात किती वर्षांत विलीन करायचं यावरून बोलणी फिसकटली आणि १५ एप्रिल २०२३ च्या सकाळी खार्टूममध्ये तोफा सुरू झाल्या. सत्तर वर्षं जे दारफूरमध्ये, दक्षिणेत, नुबा डोंगरांत घडत होतं, ते आता राजधानीच्या दिवाणखान्यात आलं.

त्या एप्रिलमध्ये सांगलीकडच्या घरांतले फोन सतत वाजत होते. खार्टूमच्या दक्षिणेला, पांढऱ्या नाईलच्या काठाजवळ केनाना नावाचा प्रचंड साखर कारखाना आहे. १९८१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा सुदान हे अरब जगाचं धान्याचं कोठार होणार, असं स्वप्न होतं. पैसा सौदीचा आणि कुवेतचा, जमीन सुदानची, नाईलचं पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून कालव्यात सोडायचं. उसाचे फड मैलोगणती. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातले, आपल्या सहकारी कारखान्यांत हात बसलेले लोक तिथे चांगल्या पगारावर जात. मावळच्या दारुंब्र्याचा संत तुकाराम कारखाना ज्याने आतून पाहिला आहे त्याला केनानातलं उसाच्या मोळीपासून पोत्यापर्यंतचं सगळं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की तिथे बाहेर पडायला एकच बंदर आणि ते हजारेक किलोमीटर दूर. भारताने २४ एप्रिलला 'ऑपरेशन कावेरी' सुरू केलं. बसने पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजातून किंवा विमानातून जेद्दा, तिथून घर. बस भाड्याने मिळणं, तिला डिझेल मिळणं आणि वाटेतल्या दोन्ही फौजांच्या चौक्या पार होणं, हे तिन्ही एकाच दिवशी जमून यावं लागे. खार्टूमच्या उत्तरेला वादी सय्यदना इथल्या खराब धावपट्टीवर हवाई दलाने रात्रीच्या काळोखात विमान उतरवून १२१ जणांना उचललं. ५ मेपर्यंत ३,८६२ माणसं बाहेर निघाली.

सुदानशी पुण्याचं नातं तसं नवं नाही. खडकवासल्याच्या एनडीएची ती घुमटाची, लाल दगडाची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' म्हणूनच ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात इटालियन फौजा सुदानच्या सरहद्दीवर आल्या तेव्हा त्यांना मागे रेटणाऱ्यांत मराठा पलटणी होत्या आणि मुंबई सॅपर्स होते. त्याच सॅपर्सबरोबर गल्लाबातजवळ सुरुंग काढताना प्रेमिंद्रसिंह भगत यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या लढायांतल्या भारतीय सैनिकांच्या बलिदानाची आठवण म्हणून सुदान सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सत्तर हजार आले आणि त्यातून ही वास्तू उभी राहिली. ३० मे १९५९ ला सुदानच्या राजदूतांनी तिचं उद्घाटन केलं. सुदानची पहिली निवडणूक १९५३ मध्ये घेतली तीही आपल्याच सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली. नंतर कित्येक दशकं सुदानी मुलं पुण्याच्या महाविद्यालयांत शिकायला येत राहिली.

परदेशी लोक निघून गेले, मग टीव्हीवरून सुदानही गेला. त्यानंतर जे झालं ते अधिक वाईट होतं. पश्चिम दारफूरच्या एल जनीना शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात हेमेदतीच्या दलाने आणि त्याच्या साथीदारांनी मसालितांना घराघरांतून शोधून मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी दहा ते पंधरा हजार बळींचा अंदाज दिला. वीस वर्षांपूर्वीचं कंत्राट आता कंत्राटदार स्वतःसाठी पुरं करत होता. डिसेंबर २०२३ मध्ये वद मदनी पडलं आणि त्याबरोबर ब्रिटिशांनी १९२५ पासून उभी केलेली गझिराची कालव्याची शेती, जगातल्या सर्वांत मोठ्या सिंचन योजनांपैकी एक, लुटारूंच्या हाती गेली. ट्रॅक्टर नेले, बियाणं नेलं, कालव्यांचे दरवाजे नेले. सैन्याने २०२५ च्या जानेवारीत वद मदनी आणि मार्चमध्ये खार्टूम परत घेतलं. उजाड गावांत माणसं परतली ती पेरायला काही नसताना. एक कोटीहून जास्त लोक घरं सोडून निघाले. ज्या डॉलरला युद्धाआधी सुमारे सहाशे सुदानी पौंड पडत, त्याला २०२५ मध्ये काळ्या बाजारात तीन हजारांच्या वर मोजावे लागत होते.

नोटाच नाहीत, मग व्यवहार चालतो कशावर? बँक ऑफ खार्टूमच्या 'बँकक' नावाच्या ॲपवर. परदेशातला भाऊ ॲपमध्ये पैसे टाकतो, गावातला दुकानदार कमिशन कापून रोकड किंवा धान्य देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोबाइलचं जाळं बंद पडलं तेव्हा देशाचा स्वयंपाकच बंद पडला. मोहल्ल्यामोहल्ल्यात तरुणांनी 'आपत्कालीन खोल्या' उघडल्या. २०१९ च्या आंदोलनातल्या समित्यांतूनच त्या उभ्या राहिल्या. त्यांचे 'तकाया' म्हणजे सार्वजनिक स्वयंपाकघर : मोठ्या पातेल्यात बाकल्याच्या शेंगांचे दाणे किंवा मसूर शिजवायचं, दुपारी एक पळी प्रत्येकाच्या भांड्यात. हे काम करणाऱ्यांना दोन्ही फौजा पकडतात. सैन्याला ते हेमेदतीचे हस्तक वाटतात, हेमेदतीच्या माणसांना सैन्याचे.

एल फाशरला हेमेदतीच्या दलाचा वेढा पडला तो पाचशे दिवसांहून अधिक काळ. शेजारच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. शहरात पुढे पुढे लोक शेंगदाण्याची पेंड खाऊ लागले. तेल काढून झाल्यावर जी घट्ट, तपकिरी चकती उरते, आपल्याकडे जी गुरांच्या दावणीत जाते, ती पाण्यात भिजवून मुलांना भरवायची. मग पेंडही महाग झाली. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं आणि पळून जाणाऱ्यांच्या कत्तलीची दृश्यं मारणाऱ्यांनीच मोबाइलवर टिपून पसरवली.

उपासमार ही या युद्धाची आनुषंगिक हानी आहे, असं मानणं चुकीचं ठरेल. ती युद्ध चालवण्याची पद्धत आहे. ट्रक अडवला की टोल मिळतो, वेढा घातला की साखर दहापट भावाने विकता येते, आणि रिकाम्या पोटाच्या तरुणाला बंदूक घेतली तर निदान जेवण मिळतं. भरतीसाठी वेगळी जाहिरात लागत नाही. दुसरीकडे सोनं चालूच आहे. सैन्याच्या ताब्यातल्या भागातून २०२४ मध्ये निघालेलं सोनं युद्धाआधीच्या पातळीहून जास्त होतं, आणि दोन्ही बाजूंचं बरंचसं सोनं अखेर दुबईला पोचतं. कोर्दोफान भागातला डिंकही थांबलेला नाही. शीतपेयांपासून गोळ्यांच्या आवरणापर्यंत तो इतका लागतो की १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर निर्बंध लादले तेव्हा डिंकाला त्यातून सूट द्यावी लागली होती. जगातला बहुतेक डिंक इथल्या बाभळींच्या सालीवर पाडलेल्या चिरांतून झरतो. मे २०२५ मध्ये डिंकाची मोठी पेठ असलेलं नहूद शहर हेमेदतीच्या दलाने घेतलं. व्यापारी आता दोन्हीकडच्या चौक्यांवर पैसे मोजतात आणि पोती सरहद्दीपलीकडच्या चाड आणि इजिप्तच्या नावाने बंदरांत पोचतात.